वानोळ्याचं भगुनं

मागच्या महिन्यात नातवानं मला परभणीला नेलं. तो आता लग्नाची कामं घेतो, मंडप, जेवण, दिवे, सगळं एकाच माणसाकडं. कुठल्याशा हॉटेलाच्या वरच्या हॉलात छोट्या धंदेवाल्यांसाठी शिबिर होतं आणि कोट घातलेला एक मास्तर सांगत होता की गिऱ्हाइकावर माया करा, कामाच्या माणसावर दया करा, धंदा आपोआप वाढतो. भिंतीवरच्या पडद्यावर धंद्याची रेघ वरवर चढत चाललेली. मी चहा येईपर्यंत बसलो आणि मग उभं राहून विचारलं, साहेब, तुमी सोता कुणावर दया करून बगितली का, धंद्यात? मास्तर हसला, लोक हसले, नातवानं मान खाली घातली. मास्तरनं हातानंच मला खाली बसवलं आणि पुढचं सांगायला लागला. परतीच्या एसटीत नातू माझ्याशी बोलला नाही आणि मीही त्याच्याशी बोललो नाही. आमच्या घराण्यात हे चालतं. पण मला वाटलं, ह्या पोराला कुणीतरी सांगायला पाहिजे. मी चौथी नापास माणूस, मला रेघा काढता येत नाहीत. घडलं तसं सांगतो, मग त्यानं पाहिजे तर त्याची रेघ काढावी.

आमचं गाव मानवत आणि पाथरीच्या मधे, सडकेपासून आत. धंदा भांड्यांचा, पण विकायचा नव्हे, भाड्यानं द्यायचा. आजोबांनी उभ्या जन्मात पितळेच्या डेगा, कढया, पराती जमवल्या आणि प्रत्येकावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. गावात लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, चूल पेटायची ती आमच्या भांड्याखाली. घरात शिरलं की आढ्यापर्यंत भांडीच भांडी, आणि माणसं उरलेल्या जागेत. उंदीर पळाला तरी परातीवरून पळायचा आणि सगळं घर वाजायचं. माय म्हणायची, ह्या घरात चोरी व्हायची न्हाई, चोराचीच फजिती व्हईल. वर्षातून एकदा रशीदचाचा अंगणात भट्टी लावून कल्हई करायचे. तापलेल्या डेगेत नवसागर टाकला की चर्र आवाज यायचा, पांढरा धूर डोळ्यांत जायचा, आणि धूर सरला की आतून डेग चांदीची झालेली. तो वास मला अजून आवडतो. आता कल्हईवाला शोधून सापडत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, उंच आणि जरा वाकलेले, बोलणं मऊ. परत आलेलं भांडं ते बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे, चिरलं असेल तर आवाजात कळायचं. गिऱ्हाईक आलं की त्यांचा एकच प्रश्न, "पानं किती?" म्हणजे जेवणारी माणसं किती. कुणाचं लग्न, कुठल्या आळीत, सोयरे कोण, काही नाही. पानं कळली की भांडी काढायला सांगायचे. सांगायचे कुणाला, तर मला. परातीला पोचा आला तर अण्णा म्हणायचे, असू दे, लग्नघर हाय. तेराव्याच्या भांड्यांचं भाडं घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. एखाद्या गरिबानं काजळीसकट डेग परत आणली तर म्हणायचे, दमले असतील बिचारे. मग मी ती डेग घेऊन आडावर, राख आणि नारळाची शेंडी घेऊन, कमरेपर्यंत आत वाकलेला. अण्णा दमलेल्यांवर दया करायचे आणि ती दया घासायला मी लागायचो. माझी नखं बारा महिने काळी असायची. पुढं पोरगी बघायला गेलो तेव्हा हात मांडीखाली घेऊन बसलो होतो.

आता त्या भगुन्याचं सांगतो. आमच्याकडं कुणाचं भांडं रितं परत करत नाहीत. शेजारणीची वाटी परत द्यायची तरी त्यात चिमूट साखर घालून देतात. म्हणून अण्णा प्रत्येकाला भांड्यांबरोबर एक लहानसं भगुनं जास्तीचं द्यायचे, त्याचं भाडं नाही. लग्नघरानं त्यात रांधलेल्यातलं थोडं घालून आमच्या घरी पाठवायचं. आमी त्याला वानोळ्याचं भगुनं म्हणायचो. लग्नसराईत आमच्या घरी रोज कुणाच्या तरी घरची चव यायची. कुणाची येसराची आमटी जाळ काढणारी, कुणाची बुंदी दातानं फुटत नाही अशी. माय एक घास खाऊन सांगायची की त्या घरात सासू-सुनेचं जमतं का नाही, आणि पुष्कळदा बरोबर निघायचं. अण्णांचं म्हणणं, भाडं काय कुणीबी देतं, भगुनं भरून आलं की समजायचं आपलं भांडं त्या घरात गेलं व्हतं.

मग विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला ते साल आलं. आसपास बौद्ध वस्त्यांवर लोक चालून गेले, घरं पेटली. आमच्या गावात पेटलं नाही ह्याचा गावाला मोठा अभिमान होता. आमच्या गावानं नुसतं बोलणं तोडलं. भीमनगरातल्या माणसाला कामावर बोलवायचं नाही, गिरणीत त्यांचं दळण घ्यायचं नाही, दुकानात अडवून-नाडून थोडंफार द्यायचं, तेही इतर गिऱ्हाईक नसताना. दवंडी पिटली नाही, पंचायत बसली नाही, तरी शेंबड्या पोरालाही नियम माहीत. बाया डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला चालत जायच्या. मला त्या भांडणातलं काही कळत नव्हतं. चौथीत शाळा सोडलेल्याला विद्यापीठाच्या पाटीवर काय लिहितात ह्याचं काय. मला कळत होता तो फाल्गुन. फाल्गुनात आबासाहेबांच्या पोरीचं लग्न होतं. आबासाहेब म्हणजे गाव ज्यांच्या तोंडाकडं बघायचं ते. सगळी भांडी त्या लग्नाला जाणार होती, आणि येणाऱ्या भाड्यातून मी गॅसबत्त्या घ्यायचं ठरवलं होतं. भांड्यांबरोबर उजेडही भाड्यानं द्यायचा, हे डोकं माझं होतं. अण्णांनी मान डोलावली होती, म्हणून महिनाभर आधीपासून मी डेगा घासत होतो.

माघात गौतम आला. गौतम भीमनगरातला, माझ्या बरोबरीचा, पण परभणीला कॉलेजात शिकणारा. बाप लहानपणीच वारला, आई धुरपदाबाई मजुरी करायची. तो अंगणात येऊन ताठ उभा राहिला आणि म्हणाला, बहिणीचं लगीन हाय, भांडे पाहिजेत. माय दारात होती, तिनं अण्णांकडं बघितलं. मला वाटलं, आज तरी अण्णा दुसरं काहीतरी विचारतील.

"पानं किती?" अण्णा म्हणाले.

गौतमनं सांगितलं. अण्णांनी मला डेगा काढायला लावल्या, आणि वर म्हणाले, यंदा तुमचं अवघड साल हाय, भाडं ऱ्हाऊ दे.

गौतम म्हणाला, "तेराव्याला भाडं घेत न्हाई तुमी. आमच्या घरी लगीन हाय, अण्णा. समद्यांकून घेता तसं घ्या."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चुकलं माझं." भाडं घेतलं. मला दोघांचाही राग आला. एक फुकट द्यायला निघालेला, दुसरा फुकट नको म्हणणारा, आणि गाडी जुंपायची मी. भांड्यांची गाडी चोरून नेता येत नाही. भर दुपारी गावातून निघालो तर डेगा एकमेकींवर आपटून असा गजर की पारावरचं झोपलेलं माणूसही उठून बसलं. कुणी काही बोललं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आबासाहेब घरी आले. रागानं नाही, चांगल्या शब्दांत बोलले, आणि तेच मला आठवलं की अजून बोचतं. म्हणाले, "आमी काय तुजा धंदा बुडवायला बसलोत व्हय? तिकडं गेलेले भांडे येगळे काढ. खूण कर त्यायला. ते तिकडचे, बाकीचे आमचे. माणूस बी ऱ्हाईल, धंदा बी ऱ्हाईल."

अण्णा म्हणाले, "खूण हाय की, आबासाहेब. माझ्या बापाचं नाव हाय समद्यांवर."

"मी काय म्हणायलोय ते कळतंय तुला."

"कळतंय."

एवढंच. आबासाहेब उठले आणि जाताना सांगून गेले की फाल्गुनातलं लग्न ते मानवतहून भांडी आणून करतील. मी आडावर होतो, हातात त्यांच्याच लग्नासाठी घासलेली डेग होती. तिच्यात माझं तोंड दिसत होतं, इतकी लख्ख.

त्याच संध्याकाळी भीमनगरातून भांडी आली. आमच्यापेक्षा चांगली घासलेली, एकालाही पोचा नाही. आणि वानोळ्याचं भगुनं रितं. मी उलटं करून बघितलं. दाणाभर साखर नाही. माझं डोकं फिरलं. ज्यांच्यापायी आमचा फाल्गुन गेला, माझ्या गॅसबत्त्या गेल्या, त्यांच्या हातून मूठभर बुंदी सुटू नये? भगुनं तसंच हातात घेऊन मी भीमनगरात गेलो. गौतम मंडपाचे वासे सोडवत होता. मी भगुनं त्याच्यापुढं धरलं आणि जे तोंडाला आलं ते बोललो.

त्यानं वासा खाली ठेवला. म्हणाला, "म्हस कशी हाय तुमची?"

मला कळेना. मग त्यानं शांतपणे सांगितलं. थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी भगुनं बुंदीनं भरून पाठवलं होतं. धुरपदाबाईनं स्वतः डोक्यावर आणून दिलं. परत जाताना चुंबळ, म्हणजे डोक्यावर भांड्याखाली ठेवायची फडक्याची गुंडाळी, आमच्या अंगणात विसरली, म्हणून अर्ध्या वाटेतून ती माघारी आली. तर बुंदी गव्हाणीत होती आणि म्हैस खात होती.

"आई काय बोलली न्हाई. चुंबळ उचलली अन् आली," गौतम म्हणाला. "तवापासून आमच्या घरात ठरलंय. भाडं द्यायचं, भांडे घासून द्यायचे. म्हशीचा सैपाक आमी करत न्हाई."

मी भगुनं घेऊन घरी आलो. वाटेत चार उत्तरं सुचली, चारही त्याला द्यायला गेलो असतो तर मार खाण्याजोगी. घरात माय भाकरी थापत होती, अण्णा ताटावर होते. मी विचारलं. मायचा हात थांबला नाही. म्हणाली, "म्हशीला घातली, उकिरड्यावर न्हाई फेकली. अन् गावात कोण खातं त्यांच्यातलं, ते सांग मला." मी अण्णांकडं वळलो, तुमाला ठाऊक व्हतं का म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, व्हतं. मी म्हणालो, मग साऱ्या गावाशी कशापायी भांडायलाव?

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "गावाशी भांडून घरी येता येतं," ते म्हणाले. "घरात भांडून कुटं जाऊ?"

ह्या उत्तराचा मला इतक्या वर्षांनीही राग येतो. कोट घातलेल्या मास्तरला मी हेच विचारणार होतो, पण त्यानं बोलू दिलं नाही. दुकानापुरती दया करणारी माणसं मी पुष्कळ बघितली. माझा बाप त्यांच्यातला उत्तम होता, आणि त्याचीही दया चुलीपाशी येऊन थांबत होती. तरी धंदा मात्र पुरा बुडाला, अर्धा नाही.

माय एवढंच पुटपुटली, "धुरपदा माघारी आली व्हती व्हय. मला वाटलं कुणी न्हाई अंगणात." त्यानंतर ते भगुनं तिनं घासलं नाही, फळीवरही ठेवलं नाही. चुलीशेजारच्या कोनाड्यात रितं ठेवून दिलं, येता-जाता दिसेल असं. फाल्गुनात आबासाहेबांच्या पोरीचं लग्न झालं. सारं गाव जेवायला गेलं. आमी घरात बसून बँड ऐकला. सगळी भांडी जागेवर होती आणि घर पहिल्यांदाच गप्प होतं. मागोमाग बाकीची लग्नंही मानवतच्या भांड्यांवर व्हायला लागली. एक मोडवाला दोनदा येऊन गेला, डेगांवर हात फिरवून पितळेचा अंदाज घेऊन गेला.

होळीला मायनं पुरणाच्या पोळ्या केल्या आणि भगुनं कोनाड्यातून काढलं. पोळ्या घडी करून त्यात भरल्या, वर तुपाची धार सोडली आणि मला म्हणाली, धुरपदाला दिऊन ये. मी साफ नाही म्हणालो. धंदा गेला तो गेला, आता पोळ्याही द्यायच्या का? माय म्हणाली, "रितं आलंय ते. रितं ठिवायचं नसतं." तिचा आवाज असा होता की मी उठलो.

धुरपदाबाई दारातच होती. बुटकी, काटक बाई, डोळे बारीक. माय कशी हाय विचारलं, भगुनं घेतलं, झाकण काढून वास घेतला. मग मला म्हणाली, थांब बाबा. चार पावलांवर शेळी बांधलेली होती. धुरपदाबाईनं पोळ्या एकेक करून मोडल्या आणि माझ्यादेखत शेळीच्या टोपल्यात घातल्या. घाई केली नाही. तुपाचं बोटही शेळीला चाटवलं. मग भगुनं राखेनं घासलं, विसळलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"मायला सांग," ती म्हणाली, "शेळीला लय आवडल्या."

मी तडक घरी आलो. मायला सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. वाटलं, आता ही बाई घर डोक्यावर घेईल. माय विचारते काय, तर समद्या घातल्या का? समद्या, मी म्हणालो. भगुनं घासून दिलं का? घासून, पुसून. माय हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. अण्णा बाहेरून काय झालं म्हणून बघायला आले. "काय न्हाई," माय म्हणाली, "फिटलं." मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. अजूनही फारसं दिसत नाही.

चैत्रात भीमनगरात जयंतीचं जेवण होतं. गौतम आला, अण्णांनी पानं विचारली, मी गाडी जुंपली. दुसऱ्या दिवशी भांडी आली, आणि त्यांच्यामागं धुरपदाबाई स्वतः, चुंबळीवर वानोळ्याचं भगुनं. आत गव्हाची खीर. ती अंगणात पूर्वी उभी राहिली होती तिथंच उभी राहिली. खिरीच्या वासानं म्हशीनं दावं ताणलं आणि हंबरली. मायनं म्हशीकडं बघितलं, धुरपदाबाईनंही बघितलं. मग माय भगुनं घेऊन उंबऱ्यावर बसली, वाटेवरून दिसेल अशी, आणि हातानं खायला लागली.

दोन घास खाऊन म्हणाली, "गूळ कमी पडला गं."

"दुकानदारानं दिला तेवढा घातला."

"मला सांगायचं न्हाई का? घरात ढेप पडलीया."

"तुमी कवा ईचारलं?" धुरपदाबाई म्हणाली.

माय खात राहिली. सगळं भगुनं तिनं एकटीनं संपवलं, अण्णांना बोट लावू दिलं नाही. ते रिकामं होईपर्यंत धुरपदाबाई उभी होती. बस म्हणायचं मायला सुचलं नाही, का तिलाच बसायचं नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी मायनं आत जाऊन भगुन्यात गुळाचा खडा टाकून आणला, धुरपदाबाईनं तो घेतला, कनवटीला लावला आणि गेली.

वैशाखात आबासाहेब पुन्हा आले. पुतण्याचं लग्न धरलं होतं. मानवतच्या भांड्यांचा तळ पातळ, पोरीच्या लग्नात वरण खाली लागलं होतं आणि वरपक्षानं जळक्या वरणावरून टोमणे मारले होते, हे साऱ्या गावाला माहीत होतं. ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि तेच बोलले, फक्त आणखी मऊ. दोन डेगा अन् चार पराती येगळ्या काढ. कुठं तरी एक टिंब कोर, कुणाला दिसणार बी न्हाई. पुतण्यापासून समदे लग्न तुझ्याकडं.

अण्णा खाली बघत राहिले. त्यांचे खांदे उतरले होते. मोडवाल्याला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, आणि हो म्हणायचे दिवस जवळ आले होते. मी खांबाला टेकून मनात म्हणत होतो, हो म्हणा, एकदा हो म्हणा, एक टिंब तर हाय. अण्णा म्हणाले, "बघू."

ते ऐकून माझ्या जिवात जीव आला. अण्णांच्या तोंडून "बघू" म्हणजे अर्धा होकार.

तेवढ्यात माय दारात आली. हाताला पीठ लागलेलं, आणि आबासाहेबांपुढं कधी घेतल्यावाचून न राहिलेला डोक्यावरचा पदर त्या दिवशी खांद्यावर. "काय बघू?" ती म्हणाली. "मी खाल्लंय त्या भांड्यातलं. हितं, ह्या उंबऱ्यावर बसून. खूण करायची तर मला बी करा."

आबासाहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. अण्णा मायकडं बघत होते, बाजारात हरवलेलं माणूस अचानक समोर यावं तसे. आबासाहेबांनी तांब्या खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेले. गाव त्यानंतर आमच्याकडं भांड्यांसाठी आलं नाही.

तोवर घरात अण्णा एकटेच दयाळू होते, म्हणून मला आशा होती. त्या दिवसापासून दोघं झाले. मी खांबाजवळ उभा राहिलो, पुष्कळ बोलायचं होतं, पण ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. माय पुन्हा पिठाशी गेली. अण्णा एक परात बोटानं वाजवून बघत बसले, चिरलेली नसताना. दुसऱ्या दिवशी भीमनगरात एक बारसं होतं आणि मोठी डेग अजून काळीच होती. मी राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि आडावर गेलो.